आभाळाची गोधडी

कवींच्या हिशेबी शरद ऋतू म्हणजे टिपूर चांदणे आणि मंद गार वारा. हे कवी ऑक्टोबरात अकोल्यास उतरलेले नसावेत! पाऊस गेलेला, जमीन ओली आणि वर ऊन कडक. सारे गाव जणू ढोकळ्यासारखे वाफेवर ठेवलेले. अमरावतीकर निदान चिखलदऱ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "तिथं पडली बरं का थंडी!" आम्हां अकोलेकरांना तेवढाही आधार नाही. आमच्या शाली डांबराच्या गोळ्यांच्या वासात निमूट पडून असतात.

परवा शेजारच्या वहिनी भाजीवाल्या मावशींना म्हणाल्या, "दोन सरी आल्या तर बरं, मावशी. जीव तरी थंड होईल."

मावशींनी तराजू खाली ठेवला. "तुमचा जीव थंडा होईन बाई, पन आमच्या गंजीले कोंब फुटतीन ना!"

खरेच आहे. याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी होऊन शेतात गंज्या लागतात. पऱ्हाटीवर बोंडे फुटतात, सीतादही करून कापसाचा पहिला वेचा निघतो. त्या पैशावर खेड्यातली दिवाळी, आणि खेड्याच्या दिवाळीवर आमच्या शहरातल्या कापडदुकानांची!

आणि नेमका हाच बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा हंगाम. वऱ्हाडाला समुद्र नाही, मग आम्हांला वादळाची काय भीती? पण २०२१ चे 'गुलाब' आठवा. २६ सप्टेंबरला ते आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ, जमिनीवर आले. त्याचा जोर ओसरला, पण पाण्याचे ओझे तेलंगण, विदर्भ, मराठवाड्यावर ओतत ते पार अरबी समुद्रात उतरले. काढणीला आलेले सोयाबीन इकडे पाण्यात उभे राहिले. तिकडे त्या वादळाने पुन्हा अंग धरले, 'शाहीन' हे नवे नाव घेतले आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानवर जाऊन थडकले.

बरे, अशा ढगांनी थंडी तरी येते का? तीही नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडते. आभाळ निरभ्र असले तर ती ऊब निघून जाते आणि पहाट गार होते. ढग म्हणजे आभाळाने आपल्यावर टाकलेली गोधडी. तिच्याखाली ऊब कोंडते. तेव्हा वहिनींना हवी असलेली थंडी आणि मावशींना हवी असलेली उघडीप या दोन गोष्टी नव्हेतच. निरभ्र आभाळ आणि उत्तरेचा कोरडा वारा आला की दोघींचेही काम होते. मागाहून तुरीला आणि हरभऱ्यालाही तीच थंडी मानवते.

म्हणून वाचकहो, यंदा अंगणात पणत्या लावून झाल्या की क्षणभर मान वर करा. अवसेच्या आभाळात चांदण्या खच्चून भरलेल्या दिसल्या, तर खुशाल समजा की थंडी वाटेवर आहे. आणि कुठल्याशा शेतात गंजीवरची ताडपत्री उद्या सकाळी घडी होणार आहे.