तपासणी हवी, पण नेमकी

उल्हासनगर कॅम्प 3 मधील सरकारी मध्यवर्ती रुग्णालयावर अंबरनाथ-बदलापूरपासून मुरबाडपर्यंतच्या गोरगरिबांची भिस्त आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय या तपासण्यांवर आज निदानाचा मोठा भाग अवलंबून असतो. सोय अपुरी पडली की रुग्णाला खासगी सेंटरचा खर्च सोसावा लागतो किंवा लोकलने कळवा किंवा शीवचे रुग्णालय गाठावे लागते. त्यात रोजंदारी बुडते ती वेगळीच.

पण केवळ यंत्र बसवून भागत नाही. ते चालवणारा तंत्रज्ञ, अहवाल देणारा रेडिओलॉजिस्ट आणि देखभालीचा करार नसेल तर यंत्र धूळ खाते. रेडिओलॉजिस्ट जागेवर नसला तरी प्रतिमा ऑनलाइन पाठवून अहवाल मिळवता येतो.

दुसरी बाजू अनावश्यक तपासण्यांची. पोटाच्या एका सीटी स्कॅनमधून साधारण 8 ते 10 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग शरीरात जातो. निसर्गातून वर्षभरात मिळणारा जागतिक सरासरी डोस सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट मानला जातो. सोनोग्राफी व एमआरआयमध्ये असा किरणोत्सर्ग नसतो. साध्या कंबरदुखीत, धोक्याची लक्षणे नसताना, लगेच एमआरआयची गरज नसते. रुग्णाच्या पिशवीतली जुनी फिल्म न पाहताच नवी तपासणी लिहून देणे तर टाळायलाच हवे.

सोनोग्राफी केंद्रांना 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचे बंधन आहे; गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा ‘फॉर्म एफ’ भरावाच लागतो. नोंदीची अशी शिस्त इतर तपासण्यांतही हवी. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या पालिकांनी आणि आरोग्य विभागाने सरकारी केंद्रांचे दर, वेळा व प्रतीक्षायादी दर्शनी भागात लावावी, रुग्णाच्या प्रतिमा एकमेकांना उपलब्ध कराव्यात आणि चिठ्ठीवर तपासणीचे कारण लिहिणे सक्तीचे करावे.