शिष्याचें श्रेय कोणाचें ?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मैदानावर तळें सांचलें आणि खेळाचा तास वर्गांतच काढावा लागला. वरच्या इयत्तेंतील कांहीं विद्यार्थ्यांनीं फळ्यावर खडूनें एक झाड काढलें होतें. त्याच्या खोडावर व फांद्यांवर परदेशीं माणसांचीं नांवें लिहिलीं होतीं, आणि एक नांव कोणत्या फांदीस जोडावें यावरून प्रकरण अगदीं हातघाईवर आलें होतें. चौकशी करतां कळलें कीं, तें झाड अमेरिकेंतील कॉलेज फुटबॉलच्या प्रशिक्षकांचें आहे. वाद थांबवावा म्हणून आम्ही वर्गांत शिरलों खरे. परंतु घंटा झाली तेव्हां आम्हीहि त्यांत एक पक्ष धरून बसलों होतों. त्या पक्षाच्या समर्थनासाठीं या वार्षिकाचीं दोन पानें आम्हीं मागून घेतलीं आहेत.

पालकांसाठीं प्रथम थोडा खुलासा करावयास हवा. अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या मैदानावरील खेळ नव्हे. तेथील चेंडू लंबगोल. तो हातांत घेऊन पळावयाचा किंवा फेंकावयाचा, आणि प्रतिपक्षाचे अकरा गडी अंगावर येऊन अडवितात. विद्यापीठांचे सामने तेथें मोठ्या उत्सवासारखे होतात; एकट्या मिशिगनच्या क्रीडांगणांत एक लाखाहून अधिक माणसें बसतात. मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखालीं अनेक साहाय्यक असतात. त्यांतला एखादा पुढें दुसऱ्या विद्यापीठांत मुख्य झाला, कीं त्याचें नांव जुन्या प्रमुखाच्या 'झाडा'वर चढवितात. हा केवळ कौतुकाचा मामला नाहीं. मोठ्या झाडाची फांदी अशी ओळख असली म्हणजे नोकरी लवकर मिळते, आणि ज्याचें झाड मोठें त्याची कीर्तीहि मोठी.

आमच्या फळ्यावरील तंटा निक सेबन यांच्याविषयीं होता. सेबन यांनीं लुइझियाना स्टेट विद्यापीठास २००३ सालीं एकदां, आणि अलाबामा विद्यापीठास २००९ ते २०२० या काळांत सहा वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें. जानेवारी २०२४ मध्यें ते निवृत्त झाले. त्यांचे गुरु कोण ? बहुतेक मुलें म्हणत होतीं, बिल बेलिचिक. कारण १९९१ पासून १९९४ पर्यंत सेबन यांनीं क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघांत बेलिचिक यांच्या हाताखालीं बचावाचें काम पाहिलें, आणि पुढें न्यू इंग्लंडच्या संघास सहा अजिंक्यपदें मिळवून देऊन बेलिचिक जगप्रसिद्ध झाले. एक-दोघे जॉर्ज पर्ल्स यांचें नांव घेत होते. १९८३ पासून १९८७ पर्यंत मिशिगन स्टेट विद्यापीठांत सेबन त्यांचे साहाय्यक होते. डॉन जेम्स हें नांव फळ्यावर कोठेंच नव्हतें.

आमचें मत जेम्स यांच्या बाजूचें आहे. सेबन हे वेस्ट व्हर्जिनियांतील कोळशाच्या खाणींच्या मुलखांतले. ओहायोंतील केंट स्टेट विद्यापीठांत ते जेम्स यांच्या संघांतून खेळत. १९७३ सालीं प्रशिक्षक होण्याचा विचारहि त्यांच्या मनांत नव्हता. पत्नीचें शिक्षण एक वर्ष उरलें होतें, म्हणून त्या गांवांत राहणें प्राप्त होतें, एवढेंच. अशा वेळीं जेम्स यांनीं त्यांना बोलावून घेतलें आणि पुढील शिक्षण घेत घेत साहाय्यकाचें काम करण्याची जागा देऊं केली. त्या दिवशीं सेबन यांच्या नांवावर दाखविण्यासारखें कांहींच नव्हतें. बेलिचिक यांनीं त्यांना नेमलें तेव्हां त्यांच्यामागें सतरा-अठरा वर्षांचा अनुभव होता, आणि १९९० सालीं टोलेडो विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून अकरांपैकीं नऊ सामने त्यांनीं जिंकून दाखविले होते. बेलिचिक यांच्याजवळ सेबन कांहींच शिकले नाहींत असें म्हणणें अन्यायाचें होईल. शिकले, पुष्कळ शिकले. परंतु चोख सोनें ओळखावयास कोणीहि सराफ पुरतो. वाटेवरचा दगड उचलून, पुसून, उजेडांत धरून पाहणारा मनुष्य निराळा.

तेव्हां पहिली संधि देणाराच सर्वस्वी धनी, असा आमचा नियम आहे काय ? तसेंहि नाहीं. कर्बी स्मार्ट यांचें उदाहरण पाहा. त्यांचे वडील हायस्कुलांतील फुटबॉलचे प्रशिक्षक. पुढें फ्लॉरिडा स्टेटमध्यें नामांकित बॉबी बाऊडन यांच्याजवळहि त्यांनीं उमेदवारी केली. परंतु सेबन यांनीं त्यांना २००४ मध्यें लुइझियानांत, २००६ मध्यें मायामीच्या व्यावसायिक संघांत आणि २००७ पासून २०१५ पर्यंत अलाबामांत, असे अकरा हंगाम आपल्याजवळ ठेवलें व बचावाची सर्व जबाबदारी त्यांच्यावर टाकली. पुढें जॉर्जिया विद्यापीठाचे प्रमुख होऊन स्मार्ट यांनीं १० जानेवारी २०२२ रोजीं अंतिम सामन्यांत सेबन यांच्याच संघास ३३ विरुद्ध १८ गुणांनीं हरविलें. अकरा वर्षें जबाबदारी सोंपवून माणूस वाढविणें हें कांहीं थोडें नव्हे. येथें सेबन यांचा हक्क आम्ही खुशीनें मान्य करतों.

याहून अवघड प्रश्न स्टीव्ह सार्कीशियन यांचा आहे. हे अलाबामास आले ते घडून आलेले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत पीट कॅरल यांच्या हाताखालीं ते तयार झाले, आणि नंतर दोन विद्यापीठांचे मुख्य प्रशिक्षकहि झाले. २०१५ सालीं व्यक्तिगत संकटांत सांपडून त्यांची नोकरी गेली. दुसऱ्या वर्षीं सेबन यांनीं त्यांना एका लहानशा जागेवर घेतलें. २०२० च्या अजिंक्य संघाची चढाई सार्कीशियन यांनींच आंखली, आणि २०२१ मध्यें ते टेक्सस विद्यापीठाचे प्रमुख झाले. आमचे विद्यार्थी म्हणाले, "सर, ही उसनी फांदी आहे, हिचें श्रेय सेबन यांस देऊं नये." फांदी उसनी आहे हें खरें. परंतु पडलेल्या माणसास, लोक तोंड फिरवीत असतां, दारांत घेणें हें कोणत्या खात्यांत लिहावयाचें ? घडविण्याचा मान कॅरल यांचाच राहूं द्यावा. उभें केल्याचा मान सेबन यांस द्यावा. हे दोन मान वेगळे आहेत, आणि दुसरा पहिल्याहून हलका आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

शिष्य गुरूवर उलटून पडला म्हणजे नातें तुटतें अशीहि एका मुलाची समजूत दिसली. बो शेम्बेक्लर हे वुडी हेज यांच्या संघांत खेळले, मग त्यांचे साहाय्यक झाले. आणि १९६९ सालीं मिशिगनच्या बाजूनें उभे राहून त्यांनीं हेज यांच्या अजिंक्य ओहायो स्टेट संघास २४ विरुद्ध १२ नें धूळ चारली. पुढें दहा वर्षें ही झुंज चालली. परंतु हेज यांचा शिष्य ही शेम्बेक्लर यांची ओळख तिनें पुसली नाहीं.

या झाडांवर जीं नांवें कधींच चढत नाहींत त्यांचें काय ? अमेरिकन फुटबॉलचे जनक म्हणून ज्यांस मानतात ते वॉल्टर कँप दिवसा घड्याळांच्या कारखान्यांत नोकरी करीत. म्हणून १८८८ सालीं येल विद्यापीठाच्या सरावास त्यांची पत्नी ॲलिस मैदानावर जात, खेळ पाहत, टिपणें घेत, आणि रात्रीं घरीं त्यांवर विचार चाले. त्या हंगामांत येलनें ६९८ गुण केले. प्रतिपक्षांस एकहि गुण मिळाला नाहीं. त्याच संघांतील ॲमॉस अलोंझो स्टॅग यांनीं पुढें शिकागो विद्यापीठाचा संघ १८९२ पासून १९३२ पर्यंत सांभाळला. स्टॅग यांचें नांव कँप यांच्या फांदीवर लिहितात. तें कोणत्या कँप यांच्या, हें कोणी विचारीत नाहीं.

आम्हां शिक्षकांस या बाबतींत द्रोणाचार्यांची गोष्ट टोंचते. ज्यास शिकविलें नाहीं त्याच्याकडून दक्षिणा मात्र घेतली, आणि तीहि केवढी ! आमच्या धंद्यांत हा मोह नवा नाहीं.

सेबन यांच्या बाबतींत जेम्स यांच्याहि मागें जावयाचें तर त्यांच्या वडिलांपर्यंत जावें लागतें. ते पेट्रोलचा पंप चालवीत, गांवांतील मुलांचा संघ शिकवीत, आणि गिऱ्हाइकाची मोटार धुतांना मुलाकडून एक ओघळ राहिला तरी सबंध मोटार पुन्हा धुवावयास लावीत. १९७३ सालींच, मुलानें साहाय्यक म्हणून नुकतें काम धरलें असतां, ते वारले. प्रशिक्षक म्हणून मुलाचें नांव झालेलें त्यांनीं पाहिलें नाहीं.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत एका माजी विद्यार्थ्याची तसबीर आहे आणि तिच्याखालीं आमच्या शाळेचें नांव मोठ्या अक्षरांत आहे. तो आमच्याकडे फक्त शेवटचीं दोन वर्षें होता. त्याच्या सत्काराच्या दिवशीं आम्ही पहिल्या रांगेंत बसलों आणि हारहि घालून घेतला. भाषणांत त्यानें आपल्या गांवच्या प्राथमिक शाळेंतील गुरुजींची आठवण सांगितली. वडील त्यास शाळेंतून काढून शेतावर नेणार होते, तेव्हां ते गुरुजी तीन संध्याकाळीं घरीं येऊन ओट्यावर बसून राहिले होते. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या, आम्हींहि वाजविल्या. गुरुजींचें नांव मात्र कोणी विचारलें नाहीं, आणि आम्हींहि नाहीं.

त्या पावसाच्या दिवशीं मुलें घरीं गेल्यावर फळा पुसण्यापूर्वीं तें झाड आम्ही बराच वेळ पाहत राहिलों. मग त्या माजी विद्यार्थ्यास पत्र लिहिलें. तसबिरीखालीं एका ओळीची जागा राखावी अशी हेडमास्तरसाहेबांस विनंती केली आहे, आणि त्यांनीं ती मान्यहि केली आहे. नांव येण्याची वाट आम्ही पाहत आहों.