बिलावर राळेचे नाव मागा



पऱ्हाटी उपटून झाली आणि चुकाऱ्यातले चार पैसे उरले, की घराचा पाया नाहीतर गोठ्याचा कोबा, काहीतरी काम निघतेच. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्यांना सांगायला नको, खाऱ्या पाण्यात कालवलेल्या सिमेंटात लोखंड किती टिकते. गज गंजतो, फुगतो, आणि स्लॅबचे पापुद्रे खाटेवर पडतात. अशा वेळी दुकानदार फायबरचा गज पुढे करतो. गंजत नाही, वजनाला लोखंडाच्या चौथाई, वर स्वस्त!

गंजत नाही हे खरेच आहे. नव्या वस्तूला नाक मुरडणारे आम्ही नाही. पण गंजत नाही म्हणजे टिकतो, हे कोणी ठरवले? हा गज काचेच्या बारीक धाग्यांचा, आणि त्यांना धरून ठेवणारी राळ. सिमेंट अल्कधर्मी, गवंड्याचे हात त्याने सोलून निघतात. सिमेंटचा हाच गुण लोखंडाला गंजापासून राखतो आणि काचेला मात्र खातो. राळ व्हिनाइल एस्टर किंवा इपॉक्सी असेल तर काच पुष्कळ काळ झाकलेली राहते. पॉलिएस्टर स्वस्त पडते, पण सिमेंटात ती स्वतःच तुटत जाते. अमेरिकेच्या २०१७ च्या मानकाने ती या गजांत चालवलीच नाही. आणि रंग चढवला की दोन्ही गज सारखेच दिसतात. बोंडातली अळी निदान बोंड फोडल्यावर तरी दिसते.

दुसरी गोष्ट मिस्त्रीही सांगत नाही. या गजाचा ताठपणा लोखंडाच्या जेमतेम चौथाई. लोखंड आधी वाकून इशारा देते, हा एकदम तुटतो. तापवून वाकवतो म्हणणाऱ्या मिस्त्रीचा हात तिथेच धरा, कारण उष्णतेने राळच जाते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच्या घराच्या बीममध्ये लोखंडाऐवजी त्याच जाडीचा फायबर गज घालायचा, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. तिथे इंजिनिअरने नव्याने काढलेलाच आराखडा हवा. कोब्यात, खळ्याच्या फरशीत खुशाल वापरून पाहा.

भारतीय मानक ब्यूरोने २०२३ साली या गजांसाठी आयएस १८२५६ हे मानक काढले आहे. राळेचे नाव आणि हा क्रमांक बिलावर लिहून मागा. बियाण्याच्या पिशवीचे लेबल जपतो तसे ते बिल जपा. तोंडी पन्नास वर्षांची हमी देणारा लिहून द्यायला कचरला, तर त्याच्या दुकानातून उठून या.