धर्माभ्यासाच्या पदवीनंतर आधी भाषा

यूजीसीच्या नेट परीक्षेत तौलनिक धर्माभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. मात्र त्याचे विभाग देशात मोजकेच. पतियाळाचे पंजाबी विद्यापीठ आणि शांतिनिकेतनची विश्वभारती ही त्यांतली ठळक नावे. त्यामुळे धर्मशास्त्राच्या पदवीधराला एम.ए.साठी बहुधा शेजारच्या विषयाचे दार ठोठावावे लागते: पाली, संस्कृत, तत्त्वज्ञान, इतिहास, समाजशास्त्र. समाजकार्य किंवा कायद्याकडेही जाता येते. पण ज्यांना संशोधनच करायचे आहे त्यांनी विषयाआधी भाषा निवडावी, असे आमचे ठाम मत आहे.

बौद्ध विद्येचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांच्याकडे पदवी नव्हती. तरीही 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी १९१० मध्ये हार्वर्डने त्यांना बोलावले, ते सिलोनमध्ये राहून कमावलेल्या पालीच्या बळावर. आजही वेगळे नाही. महानुभाव पंथावर प्रबंध लिहायचा तर पोथी उघडताच सकळ लिपी समोर येते. तिच्यात एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर लिहिलेले असते, आणि ती सरावानेच वाचता येते. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, तेही मराठी ओवीत. बायबलचे शिक्षण घेतलेला आणि जुनी मराठी वाचणारा विद्यार्थी या ग्रंथाला जितका न्याय देईल, तितका परदेशी अभ्यासकाला देणे अवघड आहे.

एक व्यावहारिक गोष्ट प्रवेशाआधीच पाहावी. बंगालमधील सेरामपूर कॉलेजच्या धर्मशास्त्राच्या पदव्यांना १८२७ ची डॅनिश राजसनद आणि १९१८ चा कायदा यांचा आधार आहे. पुण्याच्या ज्ञानदीप या कॅथलिक संस्थेतील धर्मशास्त्राच्या पदव्या रोमच्या अधिकाराने मिळतात. अशा पदवीवर पुढे एम.ए. किंवा पीएच.डी.ला प्रवेश मिळेल का, हे संबंधित विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. तोंडी होकारावर वर्ष वाया घालवू नये. परदेशी जाणाऱ्यांनी तर हे शिष्यवृत्तीच्या अर्जाआधीच उरकावे.

भांडारकर संस्थेची हस्तलिखिते, डेक्कन कॉलेजची संस्कृत कोशाची परंपरा, पुणे विद्यापीठातले पालीचे अध्यापन आणि ज्ञानदीप अशी भाषेच्या आधारे धर्म अभ्यासण्याची सारी साधने एकट्या पुण्यात आहेत. ज्ञानदीपच्या विद्यार्थ्याने पालीच्या वर्गात बसावे, पालीच्या विद्यार्थ्याने ज्ञानदीपमध्ये हिब्रू शिकावी आणि दोघांचेही श्रेयांक आपापल्या पदवीत धरले जावेत, एवढी व्यवस्था या संस्थांनी आपसांत करायला हवी.