गोठ्यातील मृत्यू आणि आपण

२०२२ च्या वसुबारसेला सकाळी अहिल्यानगर जिल्ह्यातील माझ्या भाच्याला दूरध्वनी केला. पुण्यातील कारखान्यातली नोकरी २०२० मध्ये सुटल्यानंतर तो गावी परतला होता. वडिलोपार्जित तीन एकर जमीन, थोडे कर्ज आणि चार गाई एवढ्या भांडवलावर त्याने नवा संसार मांडला होता. पूजेची तयारी झाली का, असे मी सहज विचारले. क्षणभर थांबून तो म्हणाला, "मामा, यंदा आमच्याकडे पूजेला सवत्स धेनू नाही. आधी वासरू गेले, चार दिवसांनी गायही गेली."

लंपी त्वचारोगाने ही गाय गेली होती. १९२९ मध्ये आफ्रिकेतील झांबियात प्रथम नोंदला गेलेला हा विषाणुजन्य आजार भारतात २०१९ मध्ये ओडिशात आढळला. २०२२ मध्ये त्याने गुजरात व राजस्थानात थैमान घातले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यापासून महाराष्ट्रातही त्याची साथ पसरू लागली. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड हे त्याचे वाहक. जनावराला ताप भरतो, अंगभर गाठी उठतात, पायांवर सूज येते, चारा-पाणी तुटते आणि दूध आटते. यावर नेमके औषध नाही. ताप उतरवायचा, जखमा चिघळू द्यायच्या नाहीत आणि जनावराची ताकद टिकवायची, एवढेच उपचार करणाऱ्याच्या हाती असते. बहुसंख्य जनावरे यातून उठतात. परंतु ज्याच्या गोठ्यात चारच दावी आहेत, त्याला टक्केवारीचा दिलासा कसा पुरावा?

काही दिवसांनी मी गावी गेलो. भाचा गोठ्याच्या कडेला आठ फूट खोल खणलेला तो खड्डा दाखवत होता. वर चुन्याची पांढरी रेघ अजून दिसत होती. "चूक माझीच," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ऑगस्टमध्ये त्याने बाजारातून एक नवी गाय आणली आणि त्याच संध्याकाळी इतर गाईंच्या रांगेत बांधली. दहा-बारा दिवसांत तिला ताप आला. तो साधा असेल असे समजून त्याने दोन दिवस घरगुती उपाय केले. पशुवैद्यक आले तेव्हा वासरालाही गाठी उठल्या होत्या. लस टोचली ती त्यानंतर. लसीने प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, हे ठाऊक नसल्याने शेजारीपाजारी म्हणू लागले की लसीनेच गाय मेली.

अज्ञान हा अपराध नव्हे

पिढ्यान्पिढ्या गुरे राखणाऱ्या घरात मुलाला हे ज्ञान न शिकवता मिळते. गाईने गव्हाणीतून तोंड काढले, रवंथ थांबवला, कान गार पडले, की आजी ओळखत असे. शहरातून परतलेल्या तरुणाकडे ती नजर नसते. ती यायला चार-पाच वर्षे लागतात आणि त्या काळात एखादे तरी जनावर जाते. हे कटू असले तरी सत्य आहे. म्हणून जो हे काम नव्याने पत्करतो, त्याने काही नियम पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवावेत. नवे जनावर किमान तीन-चार आठवडे वेगळे बांधावे. त्याचे पाणी, त्याची बादली वेगळी असावी. पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्याची लस आणि वर्षातून दोनदा लाळ-खुरकुताची लस चुकवू नये. गोठा कोरडा ठेवावा, गोचीड वाढू देऊ नयेत. रोजच्या दुधाची नोंद वहीत करावी, कारण अनेक आजारांची पहिली वर्दी दुधाचे मापच देते. कानातील बारा अंकी बिल्ला आणि विमा या गोष्टी पुढे ढकलू नयेत. गाय गेल्यानंतर शवविच्छेदनाचा दाखला आणि पंचनामा लागतो. त्या दुःखात कागद शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये. २०२२ मध्ये शासनाने दुभत्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये साहाय्य दिले. भाच्याला मिळालेली रक्कम गाईच्या किमतीच्या निम्मीही नव्हती. तरी ती मिळाली, म्हणून त्या महिन्याचा हप्ता फिटला.

पण पैशाचा हिशेब जुळला तरी मनाचा जुळत नाही. ज्या जनावराची धार दोन वेळा काढली, ज्याच्या वेतासाठी रात्री जागून काढल्या, त्याचे जाणे घरातल्या माणसाच्या जाण्यासारखेच असते. गावात मात्र लोक येतात ते दोष शोधायला. 'शहरातून आलेल्यांना हे जमायचे नाही' हे वाक्य त्याने किती जणांकडून ऐकले, त्याची गणती नाही. अशा शेऱ्यांचा एक सामाजिक परिणामही होतो. बोलणी खावी लागतील या भीतीने माणूस आजार लपवतो, आजारी जनावर गुपचूप विकतो आणि साथ शेजारच्या गावात पोहोचते. आजार उघड सांगणाऱ्याला गावाने मान दिला, तर निम्मी साथ तिथेच थांबेल.

श्रद्धेचे कर्तव्य

येथे आपल्यासारख्या वाचकांना स्वतःला एक प्रश्न विचारावा लागेल. आपण गाईला माता म्हणतो. वसुबारसेला तिच्या पायांवर पाणी घालतो. परंतु ती माता आजारी पडते, तेव्हा तिच्या उशाशी रात्रभर बसणाऱ्या माणसाला आपण किती ओळखतो? २०२२ च्या साथीत दुधातून रोग होतो अशी अफवा शहरांत पसरली. हा आजार माणसाला होत नाही आणि दूध उकळून प्यावे, एवढे साधे सत्य सांगायला आपल्यापैकी किती जण पुढे आले? दूध नाकारणाऱ्या सुशिक्षित घरांनी आधीच पिचलेल्या गोपालकाचे आणखी नुकसान केले, हे मान्य केले पाहिजे. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी गोसेवेला विज्ञानाची जोड दिली आणि १९६७ मध्ये 'बाएफ'ची स्थापना केली. श्रद्धा गोठ्यात उतरते ती अशी.

आपल्या परिचयात असा एखादा नवा गोपालक असेल, तर त्याच्या घरी जावे. गाय गेली असेल तर सांत्वनाला जावे, सल्ला नंतर द्यावा. जमल्यास काही घरांनी मिळून त्याचे दूध नियमित घ्यावे, विम्याच्या हप्त्याला हातभार लावावा, पशुवैद्यकाचा क्रमांक त्याच्या हाती द्यावा.

भाच्याने गोठा मोडला नाही. उरलेल्या तीन गाई त्याने जगवल्या आणि पुढच्या वर्षी त्यांतील एक व्याली. नंतर विकत आणलेली कालवड त्याने महिनाभर चिंचेखाली एकटी बांधली होती. तिला पाहून शेजारचा एक तरुण म्हणाला, "मीही आता तसेच करतो." गेलेल्या गाईने मागे ठेवलेले हे शहाणपण गावात रुजले, तर ते दावे अगदीच रिकामे राहिले असे म्हणता येणार नाही.