काडीपैलवानाचं पोट

हातपाय बारीक, गालफडं बसलेली, खांद्याची हाडं शर्टातून दिसणारी; आणि मधली तीन बटणं ताणून धरणारं गोल, टणक पोट. मराठी घराण्यात असा एक तरी पुरुष असतोच. कुणाचा काका असतो, कुणाचा मावसा. हल्ली तिशीतला, आयटीतला भाचाही असतो. त्याला जाड कुणी म्हणत नाही, कारण वजनकाट्यावर तो बासष्ट किलोच भरतो. एका लग्नाच्या पंगतीत अशाच एका काकांना मी हटकलं, तर म्हणाले, "अगं, ही ढेरी नाही, गॅस आहे. वजन विचार माझं!"

वजन विचारून काही उपयोग नाही, हे पुण्याच्या एका डॉक्टरांनी स्वतःचा फोटो छापून जगाला दाखवलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा: २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघे सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! सोबतच्या मजकुरात याज्ञिकांनी स्वतःची थट्टाही केली होती: युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि आपला व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते गाठण्यापुरतं धावणं. मला हा खुसखुशीतपणा कुठल्याही आरोग्यविषयक भाषणापेक्षा जास्त पटतो.

थट्टेमागे मात्र अनेक वर्षांचं काम होतं. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांची मापं याज्ञिकांच्या गटानं घेतली. त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती. स्नायू कमी, पोटातले अवयव छोटे. त्वचेखालची चरबी तेवढी, विशेषतः पाठीवरची, त्या मानानं टिकून होती. बारीक दिसणारं, पण चरबी राखून असलेलं बाळ. गर्भात अन्नाची ओढाताण असली की शरीर स्नायूंवरचा खर्च आखडतं आणि चरबी धरून ठेवतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे काकांच्या पोटाची गोष्ट त्यांच्या पहिल्या जिलबीच्याही आधी सुरू झालेली असू शकते. म्हणून ढेरीवरून कुणाला आळशी, खादाड ठरवायला मी तयार नाही.

पण सुरुवात गर्भात झाली म्हणून पुढचा हिशेब चुकत नाही. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. ती दिसायला वाईट, पण वागायला बरीच सालस. त्रास देते ती आतली, आतड्यांभोवती आणि यकृताभोवती साठणारी. धान्याची कोठी भरली की पोती माजघरात, मग स्वयंपाकघरात येऊन पडतात, तसं कातडीखाली जागा उरली नाही की चरबी आत शिरते. आपल्या लोकांची ही कोठीच लहान, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. आतल्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं रक्तातून थेट यकृतात जातात. यकृतात चरबी साचते, ते इन्शुलिनला दाद देईनासं होतं, साखर चढते, ट्रायग्लिसराइड वाढतात. शिवाय ही चरबी दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते आणि रक्तवाहिन्यांची नासाडी चालू होते. काही दुखत नाही, खुपत नाही. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' एवढी ओळ येते, आणि "ते सगळ्यांनाच असतं" म्हणून फाइल कपाटात जाते.

ही आतली चरबी ओढून काढता येत नाही. २००४ मध्येच अमेरिकेत काही लठ्ठ बायकांच्या पोटावरची जवळजवळ दहा किलो चरबी लायपोसक्शननं काढून पाहिली. काही आठवड्यांनी तपासलं तर इन्शुलिन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे! काढली होती ती बिचारी कातडीखालची. टीव्हीवरच्या थरथरणाऱ्या पट्ट्यांबद्दल मग बोलायलाच नको.

मधुमेह आणि हृदयविकार आपण ऐकून असतो. मला जास्त अस्वस्थ केलं ते कॅलिफोर्नियातल्या साडेसहा हजार लोकांच्या अभ्यासानं. चाळिशीत त्यांचं पोट किती पुढे आलं आहे हे मोजलेलं होतं. सरासरी छत्तीस वर्षांनी पाहिलं, तर ज्यांची पोटं सर्वात मोठी होती त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जवळपास तिप्पट निघालं. वजन प्रमाणात असूनही पोट मोठं असलेल्यांतही ते दुपटीच्या जवळ होतं. पोटामुळेच असं झालं, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण दुर्लक्ष करावं असाही हा आकडा नाही.

इथवर वाचून नवऱ्याकडे सूचक नजर टाकणाऱ्या मैत्रिणींनो, थांबा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पहिल्यांदा कंबर मोजली गेली. प्रमाणाबाहेर कंबर निघाली १२ टक्के पुरुषांची आणि ४० टक्के बायकांची. पाळी जाताना इस्ट्रोजेन उतरतं आणि नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. आपले कपडेही लबाड. गाऊन, इलॅस्टिकची लेगिंग, परकराची नाडी. कुणीच तक्रार करत नाही. पुरुष तर पँट पोटाच्या खाली बांधतात आणि वीस वर्षं 'चौतीसच' सांगतात.

तेव्हा शिवणाच्या डब्यातली टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही हद्द. त्याहून सोपं म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. उंची पाच फूट चार इंच, तर कंबर बत्तीस इंचांच्या आत.

उठाबशा किंवा क्रंचेस काढून फक्त पोट उतरत नाही, कुणी कितीही व्हिडिओ दाखवोत. पण भराभर चालणं आणि स्नायूंना काम देणारा व्यायाम यांनी ही आतली चरबी लवकर हलते, वजन तसंच राहिलं तरीही. ताटाचं म्हणाल तर सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि वर भात, चारला चहा-बिस्किटं, आणि उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी, त्यात पुन्हा बटाटा! यात उसळ, ताक, अंडं यांना जागा करावी लागते, आणि ती भाताच्या जागेतूनच काढावी लागते. दारूचा हिशेब ज्याचा त्यानं करावा, पण करावा.

माझ्या चालण्याच्या गटातल्या दोघीतिघी दर महिन्याला "काटा हलतच नाही" म्हणून रुसून घरी बसतात. त्यांना मी आता काटा माळ्यावर टाकून कमरेचं माप कॅलेंडरवर लिहायला सांगितलं आहे, दुधाच्या हिशेबाशेजारी.