पौलाच्या पत्रातील तिसरी व्यक्ती

'स्मृतिचित्रे' शिकवण्याची आपल्याकडे एक ठरलेली वाट आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद, टिळकांचा लहरीपणा, मुलांविषयीची माया आणि शेवटी पतीच्या पावलावर पाऊल ठेवून पत्नीने घेतलेला बाप्तिस्मा. प्रश्नपत्रिकेत 'निर्मळ विनोद' नाहीतर 'सहजीवनाचे चित्रण' यापैकी एक हमखास येते. चर्चच्या व्यासपीठावरून याच पुस्तकाचे नाव निघाले की धीर धरणाऱ्या प्रेमाने अविश्वासी जोडीदार अखेर जिंकला गेला, असा दाखला दिला जातो. हे दोन्ही वाचक एकमेकांना ओळखतही नाहीत. पण त्यांची चूक एकच आहे, आणि ती वाङ्मयीन चूक आहे, असे आमचे म्हणणे आहे.

एक जण ख्रिस्ती झाला आणि दुसरा झाला नाही, तर त्या घराचे काय करायचे? हा प्रश्न पहिल्या शतकात करिंथ येथील मंडळीने पौलाला विचारला होता. त्याचे उत्तर करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आहे. या उत्तरातील आवाज नीट ऐकला पाहिजे. दहाव्या वचनात विवाहितांनी एकमेकांस सोडू नये असे सांगताना, ही आज्ञा आपली नव्हे, प्रभूची आहे, असे पौल स्पष्ट करतो. बाराव्या वचनात मिश्र घराचा विषय निघताच तो उलट सांगतो: हे प्रभूचे नव्हे, माझे. जोडीदार राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नका. तो निघून गेला तर जाऊ द्या, विश्वासणारा बांधलेला नाही. शास्त्रवचन स्वतःच आपल्या अधिकाराची पायरी खाली आणते आहे. अशी कबुली देणारा मजकूर सल्ल्याचा असतो, संहितेचा नसतो. हा फरक साहित्याच्या विद्यार्थ्याला कळायला हवा, आणि धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर अधिकच.

परंतु सल्ल्याची संहिता झालीच. रोमन कॅथलिक धर्मसंहितेत यातून 'पौलाचा विशेषाधिकार' उभा राहिला. हिंदुस्थानात 1866 साली ब्रिटिश सरकारने धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला. मूळ धर्मात राहिलेली पत्नी नांदायला येत नसेल तर ख्रिस्ती झालेल्या पतीने न्यायालयात जावे. न्यायाधीशाने तिला विचारावे की तुझा नकार आहे काय, आणि तो याच्या धर्मांतरामुळेच आहे काय. मग एक वर्ष वाट पाहून पुन्हा विचारावे. (पतीने नकार दिला तर धर्मांतरित पत्नीलाही हीच वाट मोकळी होती.) पंधराव्या वचनाचे असे कलमांत रूपांतर झाले. बाराव्या ते चौदाव्या वचनांचे कलम होत नाही, कारण राजीखुशीने एकत्र राहण्याला हुकूमनामा लागत नाही.

आता परंपरेकडे येऊ. 'आद्य मंडळीची परंपरा' हा शब्द आपल्याकडे असा उच्चारला जातो, जणू ती एका सुरात बोलते. ती तशी बोलत नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिनने आपल्या दुसऱ्या समर्थनपत्राच्या आरंभी रोममधील एका स्त्रीची हकिकत दिली आहे. ती ख्रिस्ती झाली, तिने स्वैराचारी पतीला वळवण्याचा यत्न केला, हितचिंतकांच्या आग्रहाखातर ती त्याच्या घरी राहिलीही. तो अलेक्झांड्रियाला जाऊन अधिकच बिघडल्याचे कळताच तिने त्याला रीतसर सोडपत्र दिले. त्याने ती ख्रिस्ती असल्याची फिर्याद केली. तिच्या गुरूला, टोलेमायसला, प्राण गमवावे लागले. जस्टिन तिला एका शब्दाने दोष देत नाही. पुढे इ. स. 200 च्या सुमारास कार्थेजचा टर्टुलियन आपल्या पत्नीला लिहिलेल्या ग्रंथात म्हणतो की पौलाची सवलत आधीच विवाहित असलेल्यांपुरती आहे. विश्वासी स्त्रीने जाणूनबुजून मूर्तिपूजकाशी लग्न करू नये. त्यासाठी तो जे चित्र काढतो ते फार घरगुती आहे: तिच्या उपासाच्या दिवशीच नवरा मेजवानी काढणार, रात्रीच्या प्रार्थनासभेला तिला कोण जाऊ देणार! आणि चौथ्या शतकात ऑगस्टीनची आई मोनिका. तापट, बाहेरख्याली पती पॅट्रिशियस याला तिने सोसले. आयुष्याच्या अखेरीस तो ख्रिस्ती झाला.

यांतील प्रवचनात कोण टिकले? मोनिका. जस्टिनच्या स्त्रीला तर नावही उरले नाही. मोनिकेचीही पुरी गोष्ट कुणी सांगत नाही. ऑगस्टीनच्या आत्मकथनाच्या नवव्या पुस्तकात, नवऱ्याच्या माराचे वळ घेऊन आलेल्या शेजारणींना ती थट्टेच्या सुरात, पण मनापासून सांगते की विवाहपत्र वाचले गेले तेव्हाच आपण दासी झालो, हे ध्यानात ठेवा. लेकाने हे कौतुकाने नोंदवले आहे. ज्यांना मोनिका आदर्श म्हणून हवी आहे त्यांनी हे वाक्यही व्यासपीठावरून सांगावे, आणि समोर बसलेल्या स्त्रियांच्या चेहऱ्यांकडे पाहावे.

सोळाव्या वचनाशी तर अर्थाचीच फाटाफूट होते. तू जोडीदाराला तारशील हे तुला काय ठाऊक, अशा धाटणीचा तो प्रश्न आहे. ग्रीक रचना दोन्ही अंगांनी वाचता येते: कुणी सांगावे, तारशीलही, किंवा, तारशीलच याची तुला कुठे खात्री आहे? ख्रिसोस्तोमने आशेचा अर्थ घेतला, अनेक आधुनिक भाष्यकारांनी संशयाचा. पहिल्याने 'राहा' असे निघते, दुसऱ्याने 'जाऊ दे'. मराठीत 'तुला काय ठाऊक' हे शब्द कोणत्या हेलात म्हटले यावर सारे अवलंबून असते, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागू नये. पत्राला हेल नसतो. तरीही दोन्ही पक्ष आपापला हेल पौलाच्या तोंडी घालून घरेदारे चालवीत आले.

आणि या साऱ्या चर्चेत एक व्यक्ती बोलतच नाही. पौल विश्वासणाऱ्याशी 'तू' म्हणून बोलतो. अविश्वासी जोडीदार मात्र सतत 'ती' किंवा 'तो' आहे. ती राजी आहे का, ती गेली का, ती पवित्र झाली का! तिला स्वतःला काय वाटते, हे विचारण्याची जागा त्या पत्रात नाही. 1866 च्या कायद्याने तिला विचारले खरे, पण होय-नाहीपुरते.

'स्मृतिचित्रे' ही त्या तिसऱ्या व्यक्तीने लिहिलेली प्रथमपुरुषी कथा आहे. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे ताटातूट झाली. मग लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ आल्या त्या हिंदू म्हणूनच, आपले सोवळे सांभाळीत. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या मधल्या वर्षांचे उत्तर होय नाही, नाहीही नाही. कायद्याच्या वाटेने टिळक गेले नाहीत, पण गेले असते तर न्यायाधीशाने या उत्तराची नोंद कोणत्या रकान्यात केली असती? शिवाय चौदाव्या वचनात विश्वासणाऱ्यामुळे अविश्वासी पत्नी पवित्र होते असे म्हटले आहे. लक्ष्मीबाईंच्या घरात हिशेब उलटा होता. तेथे बाटलेला तो होता, आणि पाणी, चूल, स्पर्श यांचे पावित्र्य राखणारी ती. पुढे त्यांच्या मनातून जातिभेद गेला तो कुणाच्या प्रवचनाने नव्हे. त्यांनी स्वतःशीच केलेल्या विचाराने गेला. म्हणून त्यांना 'जिंकले गेलेले' म्हणणे आम्हांस मुळीच मान्य नाही. आणि केवळ 'पतीमागे गेलेली' म्हणणे हा त्याच वाचनाचा निधर्मी अवतार आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच सहकाऱ्यांकडून येईल: मराठीच्या वर्गात बायबल कशाला? ज्ञानेश्वरी शिकवताना गीता कशाला, असे कुणी विचारत नाही. लक्ष्मीबाईंनी पौलावर भाष्य लिहायला घेतले होते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या प्रश्नाने त्यांचे घर दुभंगले आणि पुन्हा सांधले, तो प्रश्न अठरा शतके जुना होता, आणि तोवर त्याची उत्तरे बहुतेक एकाच बाजूने लिहिली गेली होती. पुढच्या सत्रात ताटातुटीची प्रकरणे वाचण्याआधी सातव्या अध्यायातील दहावे ते सोळावे वचन फळ्यावर लिहावे. सात वचने आहेत. अर्धा तास पुरतो.